सात कप, सहा चहा

घाटातल्या शेवटच्या वळणावर आत्याला मळमळायला लागलं, आणि त्यामुळे दोघा भावांचं भांडण तेवढ्यापुरतं थांबलं. गाडी कडेला घेतली. थोरला पाण्याची बाटली घेऊन धावला, धाकटा आत्याची पाठ चोळू लागला. पुढच्या सीटवरून अण्णांनी काच खाली केली.

"दर वर्षी हिला इथेच होतं," ते म्हणाले. "गाडी बदलली, रस्ता रुंद झाला, हिचं पोट काही सुधारलं नाही."

"पोट आपल्याच घराण्याचं आहे," त्यांची बहीण तोंड पुसत म्हणाली. "फरक एवढाच, की मी ओकून मोकळी होते. तुम्ही सगळे पोटात ठेवून बसता."

मागच्या सीटवर धाकटी जाऊ खुदकन हसली. थोरली हसली नाही. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं दुधाचं भांडं होतं आणि ते दोन्ही हातांनी धरून ती खिडकीबाहेर बघत होती. उतारावर चहाची झुडपं एकसारखी कातरलेली होती, मधून पायवाटा गेल्या होत्या, आणि पाठीला टोपल्या लावलेल्या बायका वाकून खुडत होत्या. एरवी हे दिसलं की तिला बरं वाटायचं. या वेळी वाटलं, गाडी इथूनच माघारी वळावी.

भांडण कशावरून होतं ते गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अण्णांनी या वर्षी चमचा खाली ठेवायचं ठरवलं होतं. चमचा म्हणजे त्यांच्या पेढीचा चहा चाखण्याचा चमचा, खोलगट, चांदीचा, तीन पिढ्यांच्या ओठांनी कडेला झिजलेला. तो ज्याच्या हातात, त्याच्या जिभेवर पेढीचा चहा ठरणार. थोरल्याचं म्हणणं, वयाने मान माझा. धाकट्याचं म्हणणं, जीभ काही वयाने लांब होत नाही. यावर थोरला म्हणाला होता, "तुझी तर जन्मजातच लांब आहे," आणि तिथून पुढे घाटभर तेच चाललं होतं.

हा वाद मिटवायची सोय अण्णांच्या आजोबांनीच करून ठेवली होती. नव्या हंगामाचा माल निवडायला पेढीची माणसं बागेच्या कारखान्यात यायची. चमचा नव्या हातात जायचा असेल, त्या वर्षी टेबलावर सहा चहा मांडायचे, पण कप सात. एक चहा दोन कपांत. ती जोडी ज्याला सापडेल, चमचा त्याचा. ज्याला सारखं ओळखता येत नाही तो वेगळं काय ओळखणार, असं आजोबा म्हणत. परीक्षा आधी थोरल्याची, तो चुकला तरच धाकट्याची. निकाल चमचा बाळगणाऱ्याने द्यायचा. चहा ओतणाऱ्या कारखान्याच्या मास्तरला जोडी माहीत असायची, पण त्याने तोंड उघडायचं नाही.

सगळं कसं व्यवस्थित. फक्त एक गोष्ट आजोबांच्या डोक्यात आली नव्हती. चमचा बाळगणाऱ्याचंच नाक गेलं तर?

अण्णांचं नाक गेलं होतं. हे थोरलीला कळलं ते मागच्या वर्षी, अण्णा मोठ्या तापातून उठल्यावर. शेगडीवर दूध करपून घरभर वास सुटला होता आणि शेगडीशेजारच्या खुर्चीवर अण्णा शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. ती धावत आली, तेव्हा त्यांनी वर बघून विचारलं, "काय झालं?" तिने काही नाही म्हणून सांगितलं आणि पातेलं घासायला टाकलं. नाक गेलं की चाखणाऱ्याची जीभही गेलीच, कडू-गोडाच्या पलीकडे तिला काही उरत नाही.

पेढीच्या मागच्या खोलीत चाखणं चालायचं तेव्हा अण्णांच्या समोर दुधाचं भांडं घेऊन थोरलीच उभी असायची. त्यांची गिऱ्हाइकं दुधाचाच चहा पिणारी, म्हणून प्रत्येक कप आधी कोरा आणि मग दूध घालून बघायचा. वीस वर्षं त्या टेबलाशी उभं राहून तिचीही जीभ तयार झाली होती, त्यात नवल काहीच नाही. वीस वर्षं शिंप्याच्या शेजारी राहिलं तरी माणसाला काज-बटण यायला लागतं. तर अण्णा एखाद्या कपाला भलतंच काही म्हणायच्या बेतात असले, की ती त्या कपात दूध ओतायला घ्यायची. "थांबा अण्णा, दुधात एकदा बघा." अण्णा थांबायचे, पुन्हा चाखायचे, मत बदलायचे. ती ओतत नसली, तर ठीक चाललंय. वर्षभर असं चाललं होतं. त्याबद्दल दोघांमध्ये एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. अण्णांच्या हे लक्षात आलेलं नाही, अशीच तिची समजूत होती.

कारखान्याच्या चाखायच्या खोलीत उत्तरेकडे एक लांब खिडकी होती, तिच्याखाली पांढऱ्या फरशीचं टेबल. मास्तरने सात झाकणांचे कप ओळीने मांडले होते. पाणी घालून, वेळ झाल्यावर त्याने एकेक कप आडवा करून चहा वाडग्यांत गाळला आणि उकललेली पानं झाकणांवर उपडी केली. खोलीत ओल्या पानांचा दाट वास पसरला. थोरलीने झाकणांवरून नुसती नजर फिरवून एक श्वास घेतला. दोन आणि पाच. सहावाही जवळचाच होता, बहुतेक शेजारच्याच उताराचा, पण त्याच्या मागे थोडा धुराचा वास होता.

थोरला पुढे झाला. चमच्याने घोट घेऊन त्याने तो जोरात सुर्रकन ओढला, तोंडात फिरवला, थुंकला. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा ओळ संपवली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. सव्वीस वर्षं गल्ल्यापुढे बसून त्याने पेढी चालवली, एकही गिऱ्हाईक तुटू दिलं नाही, पण या टेबलाशी त्याला कुणी कधी बसवलं नव्हतं.

"दोन," तो म्हणाला. बराच वेळ थांबला. "आणि सहा."

मास्तर खाली बघू लागला. अण्णांनी चमचा घेतला, दोन चाखला, सहा चाखला, आणि मान वर करून थोरलीकडे बघितलं. तिच्याकडे म्हणजे तिच्या हातांकडे.

भांडं तिच्या हातात होतं. सहाव्या कपाकडे ते झुकवायचं एवढंच तिचं काम. तेवढ्यात तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. शेहेचाळीस वर्षांचा, डोक्यावर विरळ झालेला तो माणूस बापाच्या तोंडाकडे निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा बघत होता. भांडं जागचं हललं नाही.

"बरोबर," अण्णा म्हणाले.

मग एकच गलका झाला. आत्याने भाच्याच्या पाठीत धपाटा घातला. त्या गडबडीत धाकट्याने एक चमचा उचलला, दोन चाखला, पाच चाखला, सहा चाखला. त्याने मास्तरकडे बघितलं, आणि मास्तर पुन्हा खाली बघू लागला. धाकट्याने चमचा हळूच ठेवला आणि तो बाहेर निघून गेला. चमचा द्यायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी, माल पक्का करण्याआधी, असं ठरलं.

बागेच्या विश्रामगृहात परतल्यावर थोरल्याचे पाय जमिनीवर नव्हते. त्याने वसतिगृहातल्या लेकीला फोन लावला. "आजोबा बरोबर म्हणाले," तो सांगत होता. "नाही गं, ठीक आहे नाही म्हणाले. बरोबर म्हणाले." लेकीला त्यातला फरक कळला. त्या घरात वाढलेल्या कुणालाही कळला असता. थोरल्याचा शाळेतला निकाल ठीक होता, लग्नाला शोधलेलं कार्यालय ठीक होतं, दुकानाची नवी मांडणी ठीक होती. बरोबर हा शब्द अण्णांनी त्याच्या वाट्याला कधी येऊ दिला नव्हता.

फोन ठेवून तो बॅगेतला पांढरा शर्ट काढून झटकू लागला.

"तुला म्हणून सांगतो," तो म्हणाला, "दोन मला पक्का होता. दुसऱ्याच्या वेळी माझी गाळण उडाली होती. मग डोळे मिटले आणि बोलून टाकलं. जीभ अशीच असते का गं? आपल्याला माहीत नसतं पण तिला माहीत असतं?"

"असेल," थोरली म्हणाली आणि खोलीबाहेर आली. आपण किती मोठा घोळ घातला आहे ते तिला आता कुठे कळत होतं.

व्हरांड्यात धाकटी तिची वाटच बघत होती.

"ताई, यांना काय झालंय?" तिने आवाज खाली आणून विचारलं. "जेवले नाहीत. विचारलं तर म्हणतात, अण्णा म्हणाले ना बरोबर, मग बरोबर. आणि आता म्हणतात, परत गेल्यावर वेगळं व्हायचं."

"वेगळं?"

"पेढीतून बाहेर. म्हणतात, हरलो असतो तर राहिलो असतो. पण अण्णांनी समोरासमोर दादांना झुकतं माप दिलं, ज्या माणसाने आयुष्यात कुणाला अर्धा चमचा जास्त दिला नाही त्याने. अशा चमच्याखाली आता काम होणार नाही म्हणतात." धाकटी थांबली. "मला चहातलं काही कळत नाही, ताई. पण तुम्हाला कळतं. जोडी चुकली होती का?"

हो म्हणावं, तर अण्णा लबाड ठरतात. अण्णा लबाड नाहीत म्हणावं, तर त्यांचं गेलेलं नाक चव्हाट्यावर येतं. काहीच म्हणू नये, तर घर दुभंगतं. आड आणि विहीर दोन्ही तिनेच खणली होती.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत आत्या डोळे मिटून पडली होती. ती झोपलेली नव्हती. "या घरात जो तो दुसऱ्याची लाज झाकतो," ती डोळे न उघडता म्हणाली. "म्हणून कुणालाच पांघरूण पुरत नाही."

ऊन कलल्यावर अण्णांनी थोरलीला हाक मारली. फिरायला जाऊ म्हणाले. दोघं झुडपांमधल्या पायवाटेने वर निघाले. खुडणाऱ्या बायका टोपल्या घेऊन वजनकाट्याकडे उतरत होत्या, त्यांना वाट द्यायला मध्येमध्ये थांबावं लागत होतं. अण्णांनी एका झुडपाची दोन कोवळी पानं तोडली, बोटांत चुरगाळली आणि सवयीने नाकाशी नेली. मग हात खाली घेतला.

"आज दूध ओतलं नाहीस," ते म्हणाले.

थोरली जागीच उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाक गेलंय माझं, सूनबाई. डोळे नाही." ते पुढे बघूनच बोलत होते. "वर्षभर तुझ्या भांड्यावर पेढी चालवली मी. म्हणून तर चमचा ठेवतोय. आज तू ओतलं नाहीस, म्हटलं पोराने काढली जोडी. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं."

"चुकली होती जोडी," ती म्हणाली. "दोन आणि पाच होतं. ओतायला हवं होतं मी. यांचा चेहरा बघितला आणि हात उचललाच नाही."

धुकं खालच्या उतारावरून वर सरकत होतं.

"मग राहू दे," अण्णा म्हणाले. "बोललो ते बोललो. उद्या चमचा त्याला देतो. तू असशीलच समोर उभी. माझ्यासाठी ओतत होतीस, त्याच्यासाठी ओत. कुणाला कळणार आहे?"

हे इतकं सोपं होतं, की क्षणभर तिला तसंच करावंसं वाटलं. नवरा सुखात, सासऱ्यांची लाज शाबूत. तिला काय करायचं होतं? उभं तर राहायचं होतं, आणि त्याची तिला सवय होती.

"अण्णा, तुमचं गेलेलं मी झाकलं," ती म्हणाली. "त्यांच्याकडे मुळात नसलेलं जन्मभर कसं झाकू? एक दिवस माझा हात चुकेल, आणि तेव्हा त्यांना चारचौघांत कळेल. आणि दुसरं सांगते. भावजी वेगळे व्हायचं म्हणतात. त्यांना वाटतंय, तुम्ही जाणूनबुजून पक्षपात केला."

"मी?"

"जोडी कुठली ते त्यांना कळलं. तुम्हाला कळली नसेल, हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही."

अण्णांनी हातातली चुरगाळलेली पानं टाकली. उतरताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला, तोवर कधी घेतला नव्हता. "धाकट्याशी मी बोलतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर बोलतो, उद्या. पण थोरल्याला..."

"यांना मी सांगते," ती म्हणाली.

थोरल्याने पांढरा शर्ट खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवला होता. तिने दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. बसली असती तर धीर सुटला असता.

"दोन आणि पाच," त्याने म्हणून बघितलं. "तुला कधी कळलं?"

"तिथेच."

"आणि अण्णांना?"

"अण्णांना वास येत नाही. त्या तापापासून." मग तिने दुधाचंही सांगितलं. काही हातचं राखलं नाही.

तो पलंगावर बसला. तो चिडेल, तिच्यावर ओरडेल, असं तिला वाटलं होतं, आणि ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हणजे ते बरोबर म्हणाले," तो सावकाश म्हणाला, "ते तुझ्या हाताकडे बघून."

"हो."

"मग तू का नाही ओतलंस?"

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी," तो म्हणाला. जेवणाच्या टेबलावर तो आला, शेजारी बसला, आत्याला वाढलं, भावाकडे मीठ सरकवलं. तिच्याकडे मात्र त्याने एकदाही बघितलं नाही. वीस वर्षांत तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी चाखायच्या खोलीत सगळे जमले. टेबलावर माल पक्का करण्यासाठी नवे कप मांडलेले होते. धाकटा दाराशी हाताची घडी घालून उभा होता, घरी परत जाण्याची वेळ केव्हा येते याचीच वाट बघत असावा तसा. थोरल्याने पांढरा शर्ट घातला नव्हता. कालचाच घातला होता.

अण्णांनी रुमालातून चमचा काढला. "मला एक सांगायचं आहे," त्यांनी सुरुवात केली. घसा खाकरला. मास्तरकडे बघितलं, त्याच्या मागे उभ्या असलेल्या कारखान्याच्या दोघा-तिघांकडे बघितलं. ही सगळी माणसं पन्नास वर्षं त्यांच्या जिभेची गोष्ट सांगत आली होती. अण्णांच्याने होणार नव्हतं. आणि झालंही तसंच. एक शब्द न बोलता त्यांनी हात लांब केला आणि चमचा थोरल्यापुढे धरला.

थोरलीने डोळे मिटून घेतले. आता तो घेईल, आणि त्याने घेतला तर त्याला कुणी दोषही देऊ शकणार नाही.

"अण्णा," थोरला म्हणाला, "काल मला जोडी सापडली नव्हती."

धाकट्याने हाताची घडी सोडली.

"दोन ओळखला. सहा अंदाजाने ठोकून दिला. तुम्ही बरोबर म्हणालात आणि मी गप्प बसलो. घेऊ कसा?"

चमचा तसाच हवेत राहिला. अण्णा लेकाकडे बघत राहिले. तो आपल्याला वाचवतोय हे त्यांना कळलं असावं. नाक गेल्याचं तो ओठांवर आणत नव्हता, सगळी चूक स्वतःच्या अंगावर घेत होता, आणि गोष्ट इथेच मिटली असती.

"मलाही नाही सापडली," अण्णा म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला. "वास येत नाही मला. वर्ष झालं. काल मी तुझी परीक्षा घ्यायला बसलो, ते बसायलाच नको होतं."

आत्याने पदर डोळ्यांना लावला. मग धाकटा दारातून पुढे आला. तो आधी अण्णांकडे गेला नाही. थोरल्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "दादा, मला वाटलं होतं की..."

"माहीत आहे," थोरला म्हणाला. "घे आता. माल थांबलाय."

धाकट्याने बापाच्या हातून चमचा घेतला. वाकून पहिला कप चाखला. त्याच्या सुर्रकन ओढण्याचा आवाज खोलीत घुमला, आणि मास्तरने पहिल्यांदा मान वर केली. थोरलीने दुधाचं भांडं टेबलावर ठेवलं आणि एक चमचा स्वतःसाठी उचलला. तिला कुणी नको म्हणालं नाही.

अण्णांना काय करावं ते कळेना. या खोलीत ते कधी नुसते उभे राहिले नव्हते. थोरल्याने भिंतीशी असलेली दोन स्टुलं ओढून आणली, त्यांना एकावर बसवलं, आपण दुसऱ्यावर बसला. धाकट्याने आणि थोरलीने चाखून झालेला पहिला कप त्याने टेबलावरून उचलून त्यांच्या हातात दिला. अण्णांनी घोट घेतला. गरम होता, तुरट होता. त्यापलीकडे काही नव्हतं.

"कसा आहे रे?" त्यांनी विचारलं.

थोरल्याने तो कप घेऊन चाखला. मग गल्ल्यापुढे बसून दूर गावाहून आलेल्या गिऱ्हाइकाला समजावावं तसा तो सांगू लागला. आधी जिभेवर हलका येतो. पाऊस येऊन गेल्यावर ओल्या लाकडाचा वास येतो ना, तसं काहीसं मागे राहतं. सकाळच्या पहिल्या कपाला घेणारी माणसं असतात, त्यांना हा आवडेल. दूध बेताचं घालावं लागेल. थोरलीने पाठमोरी राहूनच ऐकलं. त्याच कपाबद्दल तिला जे वाटलं होतं, ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"आणि दुसरा?" ते म्हणाले.